कुणासाठी थांबणार नाही

सकाळचा चहा हातात होता, तेवढ्यात जळगावहून अक्कांचा फोन आला. "नाना पहाटे गेले. थोड्या वेळात नेतोय. कुणासाठी थांबणार नाही, तुम्ही सावकाश या." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. मी धुळ्यात. कितीही लवकर निघालो तरी वेळेत पोचणं शक्यच नव्हतं... उभ्या आयुष्याची मैत्री, आणि शेवटचं तोंडही बघायला मिळू नये? खरं सांगतो, रडू यायच्या आधी मला राग आला.

नाना, म्हणजे अक्कांचे यजमान, आणि मी एकाच इंजिनिअरिंग कॉलेजात रस्तेबांधणी शिकवायचो. मी रस्त्यापाशीच थांबलो, त्यांना रस्त्यावरच्या माणसाचा नाद लागला. अपघाताचं कारण वळणांत आणि खड्ड्यांत शोधून झालं, मग ते ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसू लागले. अमळनेर, पाचोरा, जामनेर... मिळेल त्या काळी-पिवळीत, वऱ्हाडाच्या गाडीत. सुट्टीत लोक थंड हवेच्या ठिकाणी जातात, हे मे महिन्यात इंजिनाच्या धगीशेजारी. मी चिडवायचो, "नाना, पुढच्या जन्मी क्लीनर होणार तुम्ही." ते हसायचे आणि पुन्हा निघायचे.

त्यांना दिसलं ते असं. शहाण्यासारखा गाडी चालवणारा माणूससुद्धा, मागून कुणी "मुहूर्त टळेल, दाब जरा" म्हटलं की बिघडतो. आणि सगळ्यात जास्त बिघडतो तो मयताला जाताना. आपल्याकडे लांबच्या नातलगांसाठी मयत थांबवतात. मग गाडीत फोनावर फोन. "कुठपर्यंत आलात? तुमच्यासाठीच थांबलोय." एका ड्रायव्हरनं तर हात झटकून सांगितलं होतं, "मन्हा काय दोष, नाना? बठ्ठास्ले घाई शे." घाई सगळ्यांनाच, मग दोष त्याच्या एकट्याचा कसा? पुढे अशीच मयताला निघालेली एक गाडी उलटली, आणि एका तिरडीच्या जागी दोन बांधाव्या लागल्या. नाना त्या घरी जाऊन आले, त्या दिवशी जेवले नाहीत.

त्यानंतर समाजाच्या बैठका, ड्रायव्हरांची शिबिरं, जिथे बोलावतील तिथे ते एकच सांगत राहिले. वाटेतल्या माणसाला फोन करू नका, मयत कुणासाठी अडवून ठेवू नका. लोक मान डोलवायचे. एक जण म्हणाला, "सर, पोटच्या पोरांसाठीही नाही थांबायचं? दगडाचं काळीज लागतं त्याला." शेवटी शेवटी नाना फार थकले. "पालथ्या घड्यावर पाणी हो सगळं," म्हणायचे. मीही थकलो होतो, समजूत काढायचं सोडून दिलं होतं.

आता घाई कसली, म्हणून सावकाशच निघालो; दुपार कलता मी पोचलो तेव्हा मंडळी स्मशानातून परतली होती. पुढच्या खोलीत अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"भाऊ, रागावलात ना?"

"हो," मी म्हणालो. खोटं बोलवेना.

"थांबलो असतो तर तुम्ही गाडी पळवत आला असतात."

मी काही बोलणार, तोच दारात गाडी थांबली. त्यांची मुलगी आली होती, पुण्याहून. एकुलती एक. मला वाटत होतं, तिच्यासाठी तरी थांबले असतील... ती उंबऱ्यातच बसली. "आई, मला तरी एकदा बघू द्यायचंस गं."

अक्का उठल्या. तिच्या डोक्यावरून, खांद्यांवरून, दोन्ही हातांवरून चाचपत हात फिरवला.

"नीट आलीस ना? बस, झालं."

मग त्या रडायला लागल्या.