घडीचा लॅपटॉप आणि राहून गेलेली कुर्र

आमच्या शाळेत पोरांना संगणक मी शिकवते, आणि माझ्या शिकवण्याचा आजवर एकाही पोराला त्रास झालेला नाही, कारण शाळेतला संगणक गेली तीन वर्षं बंद आहे. तो बंद कसा पडला हा वेगळा विषय आहे. (मुख्याध्यापक म्हणतात, फार वेगळा नाही.) पण गल्लीत, भावकीत, कुणाच्या हळदीकुंकवाला गेलं की बायका म्हणायच्या, "सुनंदाबाईस्नी इचारा, त्यास्नी संगणकातलं समदं कळतं," आणि मी कधी 'नाही' म्हणायचे नाही. एकदा तरी म्हणायला हवं होतं.

गोष्ट माझ्या भाचीच्या बारशाची आहे. माझा धाकटा भाऊ दत्ता कोइमतूरला असतो. आमच्या विट्याकडची कितीतरी माणसं सोनं गाळायच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. दत्ताही सोळाव्या वर्षी गेला तो तिकडचाच झाला. आई आम्हाला लवकर सोडून गेली. दत्ताची वेणीफणी सोडून बाकी सगळं मी केलं. (लहानपणी एकदा वेणीही घातली होती, त्याबद्दल तो अजून बोलत नाही.) त्याच्या लग्नाला अकरा वर्षं झाली आणि मग ही मुलगी झाली. अकरा वर्षं! ती बातमी सांगायला त्यानं फोन केला तेव्हा आम्ही दोघं बोललोच नाही, नुसते हुंदके देत बसलो.

बारशात बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. आत्यानं पाळण्यात वाकायचं, कानाशी 'कुर्रर्र' करायचं, नाव सांगायचं, आणि त्याच क्षणी मागच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. दत्ताला बहीण मी एकटीच, म्हणजे आत्याही मी एकटीच.

"आक्का, नाव तूच ठरवायचं," तो म्हणाला होता. "आमाला सांगू बी नगंस. थेट तिच्या कानात सांग."

मी नाव ठरवलं होतं तारा. आमच्या आईचं नाव. कुणालाच सांगितलं नव्हतं, ह्यांनाही नाही. दत्तानं ते पहिल्यांदा बारशातच ऐकावं आणि त्याचं तोंड मी बघावं, एवढीच माझी इच्छा होती.

आणि नेमक्या आठ दिवस आधी सासूबाई न्हाणीत घसरल्या. घोटा मोडला, पाय प्लास्टरमध्ये. त्यांना सोडून जायची सोय उरली नाही. मग दत्तानं तिकडून लॅपटॉप पाठवला. साधा नव्हे, घडीचा! त्याचा पडदा मागे वळवत वळवत पार पाठीला पाठ लावता येते, मधेच थांबलं तर तंबूसारखा उभा राहतो, आणि पडद्याला नुसतं बोट लावलं तरी कामाला लागतो. दत्ताचा बेत असा, की मी इकडून बोलायचं, तिकडे त्यांच्या टीव्हीवर मी दिसणार, आवाज पाळण्यापर्यंत जाणार, आणि धपाटे घालायला गल्लीतल्या बायका माझ्या मागे बसणार.

आदल्या दिवशी त्याचा फोन आला. "आक्का, आज एकदा लावून बघूया का? उद्या ऐन वक्ताला घोटाळा नगं."

"दत्ता, तुझी बाराखडी मी घेतलीय. तू मला शिकवणार?"

"तसं न्हाई गं. ह्यो लॅपटॉप जरा येगळा हाय—"

"मी बघते. तू पेढ्यांचं बघ."

दहा मिनिटांचं काम होतं. तेवढं केलं असतं तर... जाऊ दे.

बारशाचा मुहूर्त दुपारी बारा वीसचा. मी अकराला खोकं उघडलं. लॅपटॉप सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, टेबलावर ठेवून बटणाकडे हात नेला, तोच खाटेवरून सासूबाई ओरडल्या, "आगं थांब! नव्या वस्तूला कुक्कू लावल्याबिगर हात लावती व्हय?"

त्यांचं चुकीचं नव्हतं. आमच्याकडे ट्रॅक्टर येवो नाहीतर मिक्सर, आधी पूजा होते आणि मग तो चालू होतो. मी ताट आणलं. हळद, कुंकू, अक्षता, नारळ. आमचे हे फौजेत सिग्नलला होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले. (गावात फौजेतून आलेल्या कुणालाही मेजर म्हणतात, त्यामुळे सासूबाईही स्वतःच्या पोराला मेजर म्हणतात.) ते दारात उभे राहून म्हणाले, "सुनंदा, नारळ बाहेर पायरीवर फोडतो. ह्याच्यावर नको."

"आणि कुक्कू?" सासूबाई म्हणाल्या. "कपाळ कुठं असतंय ह्याचं?"

मी शिक्षिका! मी लॅपटॉप उघडला, पडद्याकडे नीट पाहिलं आणि ठामपणे सांगितलं, "वर, मधोमध." हळदीकुंकू पाण्यात कालवलं आणि बरोबर मधोमध ठसठशीत बोट टेकवलं. तिथे एक बारीकसा काळा ठिपकाही होता. मला वाटलं, कंपनीनंच जागा दाखवून ठेवली आहे.

पावणेबाराला बायका आल्या. पुढे हौसाकाकू, मागे सात जणी, सगळ्या ठेवणीतल्या लुगड्यांत. घरात वायफाय नाही, म्हणून मी माझ्या मोबाईलचं नेट लॅपटॉपला दिलं आणि कॉल लावला. लागला! पडद्यावर कोइमतूरचा हॉल, फुलांचा पाळणा, नवं धोतर नेसलेला दत्ता. बायकांनी टाळ्या वाजवल्या. हौसाकाकू म्हणाल्या, "बाई, तुमी लय हुशार!" तेवढं एक वाक्य मी त्या दिवशीचं जपून ठेवलं आहे.

"आक्का, तू दिसंना," दत्ता म्हणाला. "नुसतं लाल लाल दिसतंय."

"लाल? तुमच्याकडचं नेट खराब असेल."

"आगं, तुझ्याकडं कॅमेऱ्यावर काय हाय का बघ!"

"कॅमेऱ्यावर काय असणार? थांब, बंद करून चालू करते." संगणकाच्या सगळ्या रोगांवर माझ्याकडे हे एकच औषध आहे. मी बंद केला, चालू केला. आणि पडद्यावर आलं: नवीन सुधारणा बसवत आहोत, कृपया बंद करू नका, चार टक्के.

चार टक्के! बारा वाजायला पाच मिनिटं. आम्ही नऊ बायका आणि एक फौजी त्या आकड्याकडे बघत बसलो. अकरा टक्के. सासूबाई म्हणाल्या, "दूध उतू जायची वाट बगितल्यासारकं वाटतंय." हौसाकाकूंनी कनवटीचा मोबाईल काढला. "बाई, माझ्या मोबाईलवरनं करा की. दत्ताचा लंबर सांगा."

"काकू, मोबाईलवर तुम्हाला सगळ्यांना दिसणार कसं?" मी म्हणाले. खरं सांगायचं तर आठ बायकांसमोर लॅपटॉपकडून हरायची माझी तयारी नव्हती. ते कारण मी तेव्हा स्वतःलाही सांगितलं नाही.

बारा आठला तो चालू झाला. आता ते ओलं कुंकू ओघळून पडद्यावर उतरलं होतं, आणि पडदा बोटाला ओळखणारा! त्याला वाटलं कुणीतरी बोट लावतंय. आपोआप खिडक्या उघडायला लागल्या. हवामान आलं, कसलासा पत्त्यांचा खेळ आला, माझाच एक फोटो निघाला, तोही लाल. मी पदरानं पुसायला लागले, तर पुसलेल्या प्रत्येक जागी नवीन काहीतरी उघडलं.

"नजर लागली!" सासूबाई खाटेवरून म्हणाल्या. "मीठ-मोहऱ्या उतरा कुणीतरी!"

"सुनंदा, मी बघू का?" हे म्हणाले.

"तुम्ही हात लावू नका!" मी म्हणाले. बावीस वर्षं सीमेवर वायरलेस सांभाळलेला माणूस निमूट मागे सरला.

मग मला खोक्यावरचं चित्र आठवलं. त्यात एक बाई लॅपटॉप तंबूसारखा उभा करून हसत बसली होती. मी पडदा मागे वळवला. तंबू झाला खरा, पण कळफलक मेला! एकही कळ चालेना. मी दाबते, आपटते, दाबते. (घडी मागे गेली की कळफलक आपण होऊन झोपतो, ती त्याची शिस्त आहे, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.) मी तो तसाच उचलून हलवला, तर पडद्यावरचं सगळं उलटं झालं. डोकी खाली, पाय वर. तशातच कसाबसा कॉल लागला आणि कोइमतूरचा पाळणा छताला टेकलेला दिसला. आम्ही नऊ जणींनी माना वाकड्या केल्या.

बारा सोळा. आणि माझा मोबाईल वाजला. दत्ता!

माझा मोबाईल जुना. त्यावर कॉल आला की नेट बंद पडतं. पडदा गोठला. "ह्याला आत्ताच फोन करायचाय!" म्हणत मी कट केला. नेट परत आलं, उलटा पाळणा हलायला लागला. पुन्हा मोबाईल वाजला, पुन्हा पडदा गोठला. पुन्हा कट!

बारा एकोणीस. तिसऱ्यांदा.

"घे तरी फोन. काहीतरी सांगत असंल तो," हे म्हणाले.

मी घेतला. घामानं डबडबलेली, कुंकवानं हात लाल, आठ बायका मागे हात उगारून धपाट्याच्या तयारीत. मी जीव खाऊन ओरडले, "ठेव की फोन, गाढवा! मला कळतंय समदं!" आणि कट केला.

नेट आलं. पडद्यावर, उलटं का होईना, स्वच्छ चित्र आलं. आवाज मात्र नाही. मघाच्या पुसापुशीत तो कुठेतरी बंद झाला होता. दत्ता पाळण्यात वाकलेला होता. क्षणभर तिकडचं कुणी हललं नाही. मग तिथल्या सगळ्या बायकांनी एकदम हात उचलले आणि दत्ताच्या पाठीत धपाधप धपाटे घातले.

"आवं बाई," हौसाकाकू मान खाली करून म्हणाल्या, "दत्ताला का मारत्यात?"

मला कळलं नाही. मी पडद्यावर बोट मारत राहिले. धपाटे संपले, दत्ता पाठ चोळत सरळ झाला, आणि दत्ताच्या बायकोची बहीण पुढे आली. ती वाकली. तिनं बाळाच्या कानाशी तोंड नेलं. मग तिच्याही पाठीत धपाटे पडले, आणि सगळे हसायला लागले. बारा वाजून बावीस मिनिटं झाली होती. माझ्या मागच्या बायकांनी उगारलेले हात हळूहळू खाली घेतले. मी 'तारा' म्हणाले, पण ते त्या बंद आवाजाच्या लॅपटॉपला म्हणाले, आणि मग मला रडू आलं. ह्यांनी पुढे होऊन पडदा सरळ केला, तसा कळफलक जिवंत झाला. ओल्या कापडानं मधोमधचं कुंकू पुसलं, तसा कोपऱ्यातल्या चौकोनात माझा चेहरा दिसायला लागला. दोन मिनिटं लागली त्यांना.

"आधी का नाही केलंत?" मी विचारलं.

"आर्डर होती, हात लावू नका," ते म्हणाले. त्यांच्यावर चिडायचीही सोय नव्हती.

दुपारी दत्ताचा फोन आला. तो रागावला नव्हता, आणि तेच जास्त लागलं.

"आक्का, हिच्या बहिणीला नाव सांगावं लागलं गं. मुहूर्त टळाय लागला. दिव्या नाव ठेवलंय. चाललं न्हवं?"

"चाललं," मी म्हणाले. "पण दत्ता, तू सारखा फोन का करत होतास? त्यानं तर माझं नेट जात होतं."

तो म्हणाला, "आक्का, लॅपटॉपचं काय खरं दिसंना. म्हटलं, फोनवरच सांग. मोबाईल स्पीकरवर टाकून पाळण्यात पोरीच्या कानाला लावून हुबा हुतो मी. भटजी म्हणले, आत्याचा आवाज आला की झालं. बायकास्नी सांगून ठेवलं हुतं, आवाज आला की धपाटे घाला. तू न्हवतीस, म्हणून मी वाकलो हुतो."

तिसऱ्या फोनवर मी काय ओरडले होते, ते मला शब्द न् शब्द आठवलं.

तारा हे नाव मी त्याला आजपर्यंत सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो रडेल, आणि पोरगी आता दिव्या म्हटलं की मान वळवून बघते. हे छापून आलं की त्याला कळेल. दत्ता, माझं चुकलं रे. आदल्या दिवशी तू दहा मिनिटं मागितली होतीस.

तिकडच्या बायका मात्र म्हणतात, आत्यानं कानात घेतलेलं पहिलं नाव तेवढं खरं, बाकी सगळं मागून. त्या हिशेबानं आत्या म्हणून मी माझा मान बजावला, मुहूर्तावर बजावला, स्पीकरवर बजावला, आणि तिकडे त्याचं रेकॉर्डिंगही आहे. मी सांगितलेलं नाव पोरीला शोभत नाही, एवढंच. दत्ताला तर मुळीच नाही. ते ज्या तोंडातून निघालं, तिथेच ते शोभून दिसतं.