जिभाऊंची चरबी उतरवणारी गोळी

जिभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, "गोळीनं?" पलीकडून पुतण्या म्हणाला, "नही काका, निमोनियानी." ऐंशी पार केलेला माणूस, आठ दिवस ऑक्सिजनवर होता, आणि मी असं विचारावं... पण खरं सांगतो, जिभाऊंना ते आवडलं असतं. अकरा वर्षं आमच्या प्रकाशा गावात त्यांचं काहीही बिघडलं की दोष त्या एका गोळीचाच असे.

जिभाऊ म्हणजे माझे चुलत भाऊ, माझ्याहून आठ वर्षांनी मोठे, केळीचे बागायतदार. मी निवृत्त मास्तर, त्यामुळे दवाखान्यात जाताना ते मला दुभाष्या म्हणून बरोबर नेत. शहाद्याच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि शुद्ध पुस्तकी मराठीत सांगितलं, "काका, तुमची चरबी फार वाढली आहे. ती उतरवावी लागेल." आता आमच्याकडे चरबी चढणं म्हणजे माज येणं. जिभाऊ खुर्चीतून उठलेच. "मन्ही चरबी मन्हा बापले उतारता उनी नही, तुमले कसं जमी?" मी हाताला धरून बसवलं, कोलेस्टेरॉल काय ते समजावलं. त्यांना ते पटलंही, पण तोवर बाहेर बाकावर बसलेल्या आमच्याच गावच्या दोघांनी ऐकलं होतं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की शहाद्याला माज उतरवायची गोळी मिळते. दोन सासवांनी सुनांसाठी चौकशी केली, एका सुनेने सासूसाठी. आणि जिभाऊंच्या घरी, सुमनवहिनींच्या हाती तर आयतं कोलीत आलं. नवऱ्याने आवाज चढवला की त्या शांतपणे विचारत, "आज गोयी लिधी नही वाटस?"

पथ्य जिभाऊंनी आपल्या पद्धतीने पाळलं. शेवभाजीवर बोटभर तर्री घेऊन म्हणायचे, गोळीलाही काही काम पाहिजे, नाहीतर रिकामी बसून कुरापती काढते.

पुढची चूक माझी. गोळ्यांच्या खोक्यातला तो घड्याघड्यांचा कागद त्यांनी माझ्याकडून वाचून घेतला. मी मास्तर, विद्यार्थी मिळाला की सुटतो. गोळी वर्षानुवर्षं घेतली तर कुणाकुणाला काय होऊ शकतं, ते सगळं मराठीत करून सांगितलं... अंगदुखी, पोटाच्या तक्रारी, साखर वाढणं, क्वचित विसरभोळेपणा. त्यातला 'क्वचित' तेवढा त्यांनी सोडून दिला. दुसऱ्या दिवसापासून अभ्यासक्रम सुरू. माझी छत्री वर्षभर त्यांच्या खुंटीला लटकत होती; मागितली तर म्हणाले, गोळीने विसरायला होतं. पत्त्यांत हरले, गोळी. वहिनींच्या माहेरी लग्नाला जायचं नाही, गोळी. आमच्याकडे चहा पिऊन पाच मिनिटांत पुन्हा चहा मागायचे, तेही गोळीच्याच नावावर. माझी बायको मग त्यांना पाहूनच दोन कप आधण ठेवायची.

चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी गोळीची ताकद वाढवली. त्या हिवाळ्यात एका सकाळी आम्ही नेहमीसारखे तापीच्या घाटावरून वर येत होतो, तर जिभाऊ मध्येच पायरीवर बसले. म्हणाले, "मास्तर, मांड्या दुखी ऱ्हायन्यात. आते खरंच." मी विचारलं, "कागदावरची कितवी ओळ, जिभाऊ?" आणि बरोबरच्यांकडे बघून हसलो. तेही थोडं हसले. दुसऱ्या दिवसापासून ते घाटावर आले नाहीत. दीड महिना केळीच्या बागेतही गेले नाहीत, आणि आम्ही सगळे म्हणत राहिलो की हे नवीन नाटक. शेवटी ते न्हाणीतून भिंत धरत बाहेर येताना वहिनींना दिसले, तेव्हा आम्ही शहाद्याला नेलं. रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, काहींच्या स्नायूंना ही गोळी बाधते, असं दुखलं की लगेच सांगायचं असतं. जिभाऊ माझ्याकडे न बघता म्हणाले, "सांगेल व्हतं, साहेब. आयकस कोन?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरांनी ती गोळी थांबवली, मग दुसरी, कमी ताकदीची दिली. हळूहळू ते पुन्हा पायऱ्या चढायला लागले, माझी टिंगलही करायला लागले. माझ्याकडून माफी मागायची मात्र राहून गेली. आज मागू, उद्या मागू करत चार वर्षं गेली, आणि आता कुणाकडे मागू...

गेल्या दिवाळीपासून मलाही तसलीच गोळी चालू आहे. जिभाऊंना मी कळू दिलं नव्हतं, त्यांनी गावभर दवंडी पिटली असती. त्यांचं उत्तरकार्य, गंधमुक्ती सगळं होऊन महिना झाला आणि माझ्या मांड्या धरल्या. घरी सांगितलं तर मुलगा म्हणाला, बाबा, कागद वाचला असेल तुम्ही. बायको हसली, सून पदर तोंडाला लावून हसली. डॉक्टरांची वेळ शनिवारची मिळाली. तोवर कुणापाशी बोलावं म्हणून सवयीने जिभाऊंच्या घरी गेलो. वहिनी ओसरीवर लसूण सोलत बसल्या होत्या. त्याही हसतील, म्हणून मीच आधी हसत हसत सांगितलं.

त्या हसल्या नाहीत. उठून जिभाऊंची खुर्ची पदराने पुसून माझ्यापुढे ठेवली आणि विचारलं, "दोन्ही मांड्या का एकच, भाऊ?"

एवढा साधा प्रश्न मी त्या हिवाळ्यात जिभाऊंना विचारला नव्हता. "दोन्ही," मी म्हणालो, आणि त्यांच्या खुर्चीत बसून रडलो.