सरांचं पुढचं दार

अनुदान थांबलं आणि कॉलेजने आमचा इतिहास ऑनर्सचा वर्ग बंद केला. परीक्षा मात्र द्यायचीच होती. तेव्हा वर्षभर सरांनी आम्हा तिघांना बसवनगुडीतल्या आपल्या घरी, पुढच्या खोलीत शिकवलं.

तासाची वेळ झाली की सर कोट-पगडी चढवून स्वयंपाकघराच्या दाराने बाहेर पडत, घराला वळसा घालून पुढच्या दाराने आत येत. आम्ही उभे राहायचो. तसं मनापासून मी पुन्हा कुणासाठी उभा राहिलो नाही.

"अहो, आतूनच जा की!" त्यांच्या पत्नी, आमच्या अक्का, करवादायच्या.

"वर्गात कोणी स्वयंपाकघरातून येतं का?"

एकदा बाकीचे दोघे आलेच नाहीत. वाटलं, आज तरी सर आतून येतील. पण बाहेर फाटक वाजलं. मी उठलो. सरांनी खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाले, "सरी, ठीक आहे, बसा सगळे."