भिंतीवर लावलेला मोबाइल नंबर

गव्हाच्या पिठाची खळ शिजवली की त्या वासाने मला आमचं वॉर्ड ऑफिस आठवतं. एकट्या महिलांना शिलाई मशीन देण्याची योजना होती आणि शिपाई खळ लावून मंजूर अर्जांच्या यादीचं दुसरं पान भिंतीवर डकवत होता. पहिलं पान दोन दिवस आधीच लागलं होतं. त्यावर माझ्या शेजारणीचं नाव, पत्ता, मोबाइल आणि शेवटी शेरा: ‘विधवा, एकटी राहते’. तेव्हापासून तिला अनोळखी पुरुषांचे फोन येत होते. ती मांजरी गावाला बहिणीकडे निघून जायचं म्हणत होती. “तक्रार नको हो ताई, माझं नाव कापतील,” ती म्हणाली. “कापून तर बघू देत,” म्हणत मी तिला घेऊन आले होते. कारकुनाने मानही वर केली नाही. “मॅडम, पारदर्शकता असते. यादी लावावीच लागते.” “लावा की. शेजारी तुमचाही पत्ता, नंबर आणि वहिनी माहेरी कधी जातात तेही लावा.” तो हसला. तेवढ्यात शेजारीण हळूच म्हणाली, “साहेब, काल एकजण दारापर्यंत आला होता.” त्याचं हसू गेलं. त्याने स्वतः ओल्या फडक्याने दोन्ही पानं काढली. जेवणाच्या सुट्टीआधी नवी यादी लागली, त्यावर फक्त अर्जांचे क्रमांक होते. तिचा चौथा होता. आता मी कुठलाही सरकारी अर्ज देताना विचारते, ही माहिती कोण कोण बघणार? उत्तर मिळेपर्यंत खिडकीवरून हलत नाही. रांगेतले कुरकुरतात. कुरकुरू देत.