भांगावरचं ऊन

"हात काढ म्हणते ना! बघू दे तिला."

"वन्सं, डोकं माझं आहे."

"डोकं तुझं, पण शोभा आमच्या घराची! एकोणीस वर्षं झाकलेलं डोकं उघडं टाकून हिंडलीस. भोग आता."

"हिंडले कुठे? झाडाखाली झाडत होते."

"झाडाखाली होतीस तर भाजलीस कशी? सांग हिला. ही शिकलेली आहे, हिला सांग!"

दोघी माझ्या औषधाच्या दुकानात एकदमच शिरू पाहत होत्या, त्यामुळे दारावरची घंटा थांबायलाच तयार नव्हती. पुढे सेवास्तीमावशी, पायापासून डोक्यावरच्या रुमालापर्यंत काळ्या. मागे त्यांच्या भावाची बायको अर्गिरोमावशी. पोशाख तोच, काळा. फक्त डोकं उघडं, आणि उतू जाणाऱ्या पातेल्यावर झाकण दाबून धरावं तसा त्यावर तळहात.

"मावशी, आधी बसा," मी दोघींसाठी खुर्च्या ओढल्या.

त्यांनी हात काढला. कपाळापासून टाळूपर्यंत सरळ भांग, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं लालभडक कातडी. बारीक फोड आले होते. त्यावर काहीतरी चकाकत होतं.

"हे तेल कुणी घातलं?"

सेवास्तीमावशी भिंतीवरचे दातांचे ब्रश बघू लागल्या.

"तसबिरीपुढल्या दिव्यातलं आहे," त्या ब्रशांनाच म्हणाल्या. "भाजलं की आमच्याकडे तेच लावतात. माझ्या आईनं लावलं, तिच्या आईनं लावलं."

"आणि ते लावून आज पुन्हा मळ्यात गेलात?"

"जुलै आहे, पोरी. झाडं थांबतात का?"

"तेलानं आतली आग आतच कोंडते. त्यावर आणखी ऊन म्हणजे..."

"कढई," अर्गिरोमावशी म्हणाल्या. "वन्संनी मला तळून काढली."

"बघ, हसतेय! हसतेय बघ!"

मी पाण्याचं भांडं आणि मऊ पंचा आणायला आत गेले. बर्फ मागू नका, असं आतूनच ओरडून सांगितलं. कारण सेवास्तीमावशी तो मागणार, हे मला ठाऊक होतं.

लहानपणी मला या दोघी पाठमोऱ्या ओळखू येत नसत. घरांची भिंत एक, चाल एक, रुमालाची गाठ एक. अर्गिरोमावशींचे यजमान पांतेलीसकाका मालवाहू जहाजावर यंत्रं बघायचे. एका हिवाळ्यात जहाज बुडालं, ते सापडले नाहीत. अर्गिरोमावशी तेव्हा अडतीस वर्षांच्या. मूलबाळ नाही. त्यांनी काळा रुमाल बांधला, नणंदेनं बांधला, आणि तेव्हापासून दोघी जोडीनं आमच्या बेटावरच्या मस्तकीच्या झाडांखालची जमीन झाडतात, थेंब स्वच्छ पडावेत म्हणून पांढरी माती पसरतात, साली टोचतात आणि डिंकाचे थेंब वेचतात. झाड बुटकं. खाली वाकलं की भांग नेमका आकाशाकडे होतो, आणि पांढरी माती खालून ऊन परत फेकते. रुमाल दुःखाचा होता हे अख्ख्या गावाला माहीत होतं. तो सावलीही होता, हे मात्र त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं.

ओला पंचा अलगद ठेवला तशा अर्गिरोमावशींनी डोळे मिटले.

"असंच दर दोन-तीन तासांनी करायचं, पाव तास. गार पाणी, घासायचं नाही. तेल निघायला सौम्य साबण, कोमट पाणी. मग हा कोरफडीचा गर. फोड फोडायचे नाहीत. ही गोळी दुखलं तर, जेवल्यावर. पाणी भरपूर प्या. थंडी भरली, उलटी झाली, गरगरलं, तर माझ्याकडे नाही, थेट डॉक्टरांकडे."

"आणि मळा?" सेवास्तीमावशींनी विचारलं.

"जखम भरेपर्यंत नाही. पुढेही दहाच्या आत परतायचं. आणि डोकं झाकून जायचं."

"झाकून!" त्यांनी टेबलावर थाप मारली. "ऐकलंस? मी म्हटलं की मी जुनाट. आता शास्त्र म्हणतंय!" आणि पिशवीतून चौकोनी घडीचा काळा रुमाल काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवला. इस्त्री केलेला. "धुऊन ठेवलाच होता. मला माहीत होतं, लागणार."

"टोपी म्हणायचं होतं मला," मी घाईनं म्हणाले. "रुंद काठाची, गवताची. वारा खेळतो आत. काळं कापड तापतं. भांगही रोज जागा बदलून पाडायचा, आणि त्यावर हा उन्हापासून जपणारा फवारा."

"टोपी! बंदरावर नाचायला आलेल्या पाहुण्यांसारखी?"

पंच्याखालून अर्गिरोमावशी बोलू लागल्या, डोळे मिटूनच.

"जूनमध्ये, मृतांच्या शनिवारी, त्याच्या नावाची प्रार्थना होती, पोरी. रीतीप्रमाणे वाटायला मी गहू शिजवले. साखर, बदाम, बेदाणे. चाळीस माणसांचे. आलं कोण? पाद्री, घंटा वाजवणारा म्हातारा आणि वन्सं. उरलेले गहू मी पाच दिवस खात होते. सकाळी तेच, संध्याकाळी तेच. पाचव्या दिवशी वाटलं, हा रुमाल मी कुणाला दाखवतेय?"

"देवाला," सेवास्तीमावशी म्हणाल्या.

"देवाला रुमालाखालचंही दिसतं, वन्सं. मग परवा पहाटे काढला. केवढी भ्याले होते! एकेकीसाठी उत्तर तयार ठेवलं होतं. बेकरीवाली काय म्हणेल, मी काय म्हणेन. विहिरीकडची काय म्हणेल..." त्या हसल्या. "विहिरीकडची चार वर्षांपूर्वीच गेली. बेकरीवालीनं पाव दिला, नीट जा म्हणाली. अख्ख्या गल्लीत एकानंही नावं ठेवली नाहीत. माझ्याकडे बघायला फक्त ऊन उरलं होतं, ते बघून गेलं."

पंचा कोमट झाला होता. मी तो पुन्हा भिजवला. सेवास्तीमावशी रुमालाची घडी उगाचच सारखी करत होत्या, सारखीच असलेली.

"मी बघितलं," त्या एकदम म्हणाल्या. त्यांचा आवाज निराळाच लागला. "मी बघितलं ना. गच्चीतून. तू गेलीस, आणि मला कळेना ही कोण चाललीय. माझ्या भावाला थडगं नाही, अर्गिरो. मेणबत्ती लावायला दगड नाही. मी सकाळी तुझं झाकलेलं डोकं बघायची. बस, तेवढंच."

अर्गिरोमावशींनी डोळे उघडले. पंचा काढून माझ्या हातात दिला, औषधाच्या बाटल्या उचलल्या. खुंटीवर माझी गवताची टोपी होती, शेतावर जाताना घालते ती. त्यांनी मान वर करून नुसतंच विचारलं. मी काढून दिली. ती त्यांना जरा सैल झाली. बरंच झालं, कुठे टोचली नाही.

मग त्यांनी टेबलावरचा रुमाल उचलला. सेवास्तीमावशींनी गाठ बांधून द्यायला हात पुढे केला.

रुमाल त्यांनी उलगडला नाही. नणंदेच्या मांडीवर ठेवला, आणि तिचा हात धरून त्यावर ठेवला.

"हा तुमच्याकडे असू दे, वन्सं."

"म्हणजे?" सेवास्तीमावशी उठल्या, बसल्या. "अगं, उद्या चौकात मी एकटीच काळ्या रुमालात? ए अर्गिरो! त्याला मी एकटीनंच आठवायचं का?"

दारावरची घंटा वाजली. टोपीचा काठ पुढे ओढून अर्गिरोमावशी भिंतीच्या सावली-सावलीनं घराकडे निघून गेल्या.