पाण्यात उभं राहून दिलेली हजेरी

हे वाचायला जरा निवांत बस. फोनवर बोललीस की मला ओरडावं लागतं, आणि ओरडले की म्हणतेस, मावशी चिडली. चिडलेच आहे. लेकीचं लग्न ठरलं ते फोनवर कळवलंस, पत्रिकेचा नमुनाही फोनवरच धाडलास, तेही चाललं. हल्ली सगळ्यांचंच तसं. पण वर विचारतेस काय, तर "मावशी, पहिली अक्षत ठेवायची ती देवाची जागा नेमकी कुठं गं? लोकेशन पाठव ना."

लोकेशन! अगं, तुझी आई आणि मी सख्ख्या बहिणी, एकाच बुडालेल्या गावच्या लेकी. तिनं तुला एवढंही दाखवलं नाही का, असं ओठांवर आलं होतं. पण गेलेल्या माणसाला काय बोलायचं? म्हणून तुला बोलते. हिंजवडीच्या ऑफिसातून कोळवणला यायला तुला कितीसा वेळ लागतो? शनिवारी शहरातली झाडून सगळी माणसं आपापल्या फार्महाऊसवर येतात. तूच तेवढी येत नाहीस. लोकेशन का पाठवलं नाही ते लिहून कळवते. नीट वाच. मध्येच फोन वाजला तर वाजू दे.

आपलं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं ते माझ्या आजीच्या लहानपणी. माणसं भांडीकुंडी, गुरं घेऊन वर चढली. देवही उचलून वर आणला, त्याला नवं देऊळ बांधलं. पण देवळाचं जोतं खालीच राहिलं. तेव्हापासून आपल्याकडची रीत आहे, देव वर आला तरी लग्नाची पहिली अक्षत खालच्या जोत्याला. पाणी भरलेलं असलं तर काठावर उभं राहून जोत्याच्या दिशेनं सोडायची. वैशाखात पाणी उतरतं, जोतं उघडं पडतं, तेव्हा हातानं ठेवायची. तुझ्या आईची तशीच ठेवली, माझीही. तुझी ठेवली तेव्हा मीच होते. तू पार्लरात होतीस.

आता ती जागा माहीत असणारी माणसं उरली किती? माझ्या भावाची मुलं जमीन विकून भूगावात फ्लॅट घेऊन राहिली. यंदा जोतं उघडं पडलं तेव्हा नैवेद्य घेऊन मी एकटीच गेले. येताना दर चार पावलांवर गुडघा धरून बसत होते, आणि एकच विचार डोक्यात. माझ्यामागं ही जागा ठाऊक कुणाला?

आणि नेमकं त्याच आठवड्यात आमच्या सुनेचं प्रशिक्षण निघालं.

सून पौड रस्त्यावरच्या हायस्कूलात इतिहास आणि समाजशास्त्र शिकवते, हे तुला माहीत आहे. त्याच विषयांच्या तालुक्यातल्या सगळ्या शिक्षकांना सरकारनं बोलावलं होतं, पौडला, तेही ऐन सुट्टीत. सून चडफडत होती. ती मला आत्या म्हणते. "आत्या, माहेरी जायचं ठरवलं होतं हो मी. दर वर्षी यांना मे महिनाच सापडतो." मी विचारलं, विषय काय? म्हणाली, "परिसरातून इतिहास कसा शिकवायचा."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मी शाळेत गेले नाही. अक्षरं शिकले ती थोरल्या लेकाच्या चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकावरून, चुलीपुढं, त्याचं बोट धरून. त्यामुळं इतिहास हा विषय मला घरचा वाटतो. म्हटलं, आता आपल्या खोऱ्याची पाळी आली. शिक्षकांना जोतं दाखवलं की ते पोरांना दाखवतील, पोरं त्यांच्या पोरांना. माझ्या गुडघ्याची सुटका झाली.

कसलं काय. पहिल्या दिवशी सून आली ती कापडी पिशवी, पेन, वही आणि कार्डशीटची गुंडाळी घेऊन. गटात बसून त्यांनी म्हाताऱ्या माणसांना विचारायचे प्रश्न काढले होते. सराव म्हणून मला पलंगावर बसवलं, मागं इस्त्रीची चादर लावली आणि फोन समोर धरला.

"आजी, आपल्या बालपणी मनोरंजनाची साधने कोणती होती?"

घरात आत्या, फोनपुढं आजी. मी म्हटलं, "मनोरंजन कसलं? गुरं हाकायची, शेण गोळा करायचं. आगं, मी पाण्याचं सांगू का? गाव कसं बुडालं त्ये?"

"आत्या, ते 'पाण्याचे स्रोत' या प्रश्नात येईल. आत्ता खेळ सांगा. आणि तीन मिनिटांत बसवायचंय."

"गाव बुडाल्यालं तीन मिन्टात?"

"खेळ, आत्या, खेळ!"

मी सागरगोट्यांचं सांगितलं. पाण्याच्या स्रोतांपर्यंत पोचलोच नाही, फोनची बॅटरी उतरली.

तिकडं त्यांना शिकवायला आलेला माणूस होता, त्याला सुलभक म्हणतात. तरुण, गोड बोलणारा, पांढरे बूट घालणारा. त्यानं सागरगोट्यांचा तो व्हिडिओ पाहिला आणि म्हणाला, आजींना प्रत्यक्ष बोलवा, ज्येष्ठांशी संवाद ठेवू. सून खूश. मी तर सुनेपेक्षा खूश. ठेवणीतलं लुगडं काढलं. मनात सगळं लावून ठेवलं, आधी काय सांगायचं, मग काय, आणि शेवटी सगळ्यांना घेऊन जोत्यावर जायचं.

पौडचा तो हॉल पत्र्याचा. पंखे होते, पण ते वाऱ्यापेक्षा आवाजच जास्त करत होते. मला पहिल्या रांगेत खुर्ची दिली. आणि मग, बाई, सुरू झाला सत्कार.

आधी दीप लावला. मग स्वागतगीत. मग एका बाईंनी माझी ओळख करून दिली. ती इतकी लांब की मधेच मला वाटलं दुसऱ्याच कुणाची चालली आहे. मग शाल. मे महिन्यात, पत्र्याखाली, लोकरीची शाल! मग नारळ. फोटो काढणारा म्हणाला, "आजी, फोटू हाललाय. नारळ परत द्या." दिला. त्यांनी पुन्हा मला दिला. तेवढ्यात उशिरा निघालेले कुणी साहेब पोचले. ते म्हणाले, माझ्या हस्ते राहिलाच की सत्कार. शाल काढली, घडी केली, पुन्हा घातली. नारळ तिसऱ्यांदा. शेजारी कासार आंबोलीचे एक गुरुजी बसले होते, निवृत्तीला आलेले, पोट सुटलेले. ते वाकून माझ्या कानात म्हणाले, "आज्जी, नारळ घट धरा. आता सोडला तर जेवान हुकंल."

मग साहेब बोलले. इतिहास का शिकावा यावर बोलले, ज्येष्ठ माणसं म्हणजे चालतीबोलती ग्रंथालयं असं बोलले, आणि त्यांना दुसरीकडं जायचं होतं म्हणून निघून गेले. तोवर मागच्या पडवीतून मसालेभाताचा वास यायला लागला आणि सगळ्या माना तिकडं वळल्या. मग कुठं माझ्या हातात माईक आला.

"आजी, वेळेचं भान ठेवून दोन शब्द."

घामानं डोळ्यांत पाणी आलं होतं. लावून ठेवलेलं सगळं डोक्यातून उडालं. मी म्हटलं, "पाणी उतरलंय. उठा, चला."

सगळे हसले. सुलभकही हसला, पण चांगलं हसला, खोटं सांगणार नाही. म्हणाला, "कुठं, आजी?" मग मी थोडक्यात सांगितलं. बुडालेलं गाव, जोतं, अक्षत. म्हटलं, "जीपनं हितनं आर्ध्या तासावर हाय. तुमी परिसर परिसर म्हणतायसा, त्यो तितं उघडा पडलाय."

तो म्हणाला, "फार छान. पण क्षेत्रभेट उद्याच्या सत्रात आहे, आजी. पडद्यावर दाखवणार आहोत. आणि मुलांना न्यायचं तर जूनमध्ये शाळा उघडली की न्या."

आता मात्र माझं टाळकं सटकलं. "सायेब, जूनात पाणी चढतं! शाळा सुटली की जोतं उघडं पडतं आन् शाळा भरली की बुडतं. आजवर एका पोरानं बघितलं न्हाई, ते त्याच्यापायीच. आन् तुमाला आयतं सुट्टीत बोलावलंय, तर तुमी पडद्यावर बघताय व्हय?"

मला वाटलं, झालं, सुनेची नोकरी घालवली मी. आणि तेवढ्यात मागून सूनच उठली. ती म्हणाली, "सर, मी याच तालुक्यात इतिहास शिकवते. आत्यांच्या घरात राहते. माझ्या लग्नाची अक्षत त्या जोत्याला ठेवली होती. पण मी स्वतः ते पाहिलेलं नाही. दर मे महिन्यात पेपर तपासणी, नाही तर प्रशिक्षण, नाही तर माहेर. मीच पाहिलं नाही, तर मुलांना काय दाखवू?"

मला ठाऊक नव्हतं गं हे. घरात रोज ताटाला ताट लावून जेवतो, आणि मला वाटायचं, हिला माहीत आहे.

कासार आंबोलीचे गुरुजी पोटावर हात ठेवून उठले. "जीप माझी. जेवून निघू. बसणारे बसा, बाकीच्यांनी पडद्यावर बघा."

जीपमध्ये बसले थोडेच. शेवटच्या क्षणी सुलभकही आला. म्हणाला, "मला यावंच लागेल. संध्याकाळच्या हजेरीचा फोटो माझ्यासोबत हवा."

गाळ वरून वाळलेला, भेगाळलेला. पण पाय टाकला की आत ओला. शिंपले, प्लॅस्टिकच्या बाटल्या, कुजका वास. सुलभकाचे पांढरे बूट घोट्यापर्यंत रुतले. गुरुजी म्हणाले, "सर, आता परिसर खरा लागला बघा पायाला." मला सुनेनं धरून उतरवलं. जोत्यापाशी आल्यावर तिनं आपणहून चपला काढल्या.

मी त्यांना दाखवलं ते तुलाही सांगते, पण नुसतं वाचून कळायचं नाही. जोत्यावर उभं राहून पलीकडं बघितलं की डोंगराची खिंड दिसते आणि खिंडीच्या बरोबर खाली एक काळा कडा. पाणी भरल्यावर काठाकाठानं चालत राहायचं. खिंड हळूहळू सरकते. ती कड्यावर नीट बसली की थांबायचं. तिथून सरळ समोर जोतं. तिथून अक्षत सोडायची. सून दोनदा वर काठापर्यंत गेली, चालून बघून थांबली, आणि वरून ओरडली, "आत्या, इथंच ना?" बरोबर तिथंच थांबली होती.

सुलभक मात्र तिकडं एका दगडापाशी उकिडवा बसला होता. फोन खिशात, बूट चिखलात. दगडात कांडायचं उखळ कोरलेलं होतं, आणि त्याच्या बाजूनं घडीव दगडांची एक ओळ. मी आयुष्यभर जोत्यावर जात आले, त्या ओळीकडं कधी बघितलं नव्हतं. तो म्हणाला, "आजी, हे घर कुणाचं?"

मला सांगता आलं नाही. आजीनं आम्हाला देव सांगितला, घरं नाही सांगितली, आणि तिला विचारायचं कुणाला सुचलंही नाही. माझा राग तिथं जरा ओसरला बघ त्या पोरावरचा. कार्डशीटवरच्या सगळ्या प्रश्नांपेक्षा हा प्रश्न बरा होता. उत्तर द्यायला माणूस तेवढा उरला नव्हता.

मग हजेरीची वेळ झाली. रेंज एक काडी. सगळे जोत्याला टेकून उभे राहिले, फोटो काढला, पाठवला. फोनमध्ये नकाशा आला. त्यात सगळं निळं निळं, आणि मधोमध आमचं लाल टिंब. पाण्यात! खाली लिहून आलं की आपण प्रशिक्षणाच्या ठिकाणी नाही. सगळ्यांची अर्ध्या दिवसाची गैरहजेरी लागली. सुलभकाचीसुद्धा.

"सर, आपून बुडालो," गुरुजी म्हणाले.

सून त्या नकाशाकडं बघत म्हणाली, "आत्या, जूनमध्ये मुलांना काठावर तरी नेईन. खिंड आणि कडा काठावरून दिसतातच की." एवढं ऐकून माझं अर्धं ओझं उतरलं. पण अर्धंच. सून शिक्षिका आहे, तिला उद्या पुन्हा कुठल्या तरी हॉलमध्ये बोलावतील. आणि अक्षत शाळेची नाही, घरची आहे.

तर बाई, लोकेशन आहे. सुनेच्या फोनात आहे, पाठवायला सांगू? उघडशील तर निळ्या पाण्यात लाल टिंब दिसेल. गाडी कुठं लावशील?

तुझ्या लेकीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर. तेव्हा पाणी काठोकाठ असेल, आणि तेव्हा माझा गुडघा कुठं असेल कुणास ठाऊक. म्हणून आत्ता ये. जोतं अजून उघडं आहे, पण पाऊस एकदा टेकला की गेलं. लेकीला आण, होणाऱ्या जावयालाही आण, पोरगा दूरचा आहे म्हणून लाजू नकोस. शनिवार टाळ, फार्महाऊसवाल्यांची गर्दी असते, मधल्या वारी रजा काढ. जुन्या चपला घालून या. मिठाई आणू नकोस, नारळ तर मुळीच नको, घरात आहे. फक्त लवकर ये.