खालचा प्रिंटर आणि सुनेत्राबाईंचा सोळावा सोमवार

तात्यापारा मोहल्ल्यात सुनेत्राबाईंचं घर वर आणि यजमानांचं, सुधाकररावांचं, दस्तऐवज लिहायचं ऑफिस खाली. लोक यायचे सुधाकररावांच्या नावानं, पण कागद उमटायचा तो बाईंच्या बोटांतून. माहेरी असताना टायपिंग क्लासात मशीन बडवून शिकलेल्या. लग्नाला एकतीस वर्षं झाली. सकाळी देवाला फूल वाहायचं, कुकर चढवायचा आणि टाईप करायला बसायचं, हा नेम कधी चुकला नाही.

प्रिंटर मात्र खाली. वर टाईप करायचं, पेन ड्राइव्ह पदराच्या गाठीत बांधायचा आणि एकोणीस पायऱ्या उतरायच्या. शेवटी गुडघ्यानं हात टेकले. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी ताकीद दिली, महिनाभर जिन्याचं नाव काढायचं नाही.

मग पुतणी श्रावणी आली. ही पोट्टी मराठी सगळं समजते, पण बोलते हिंदीत. "काकू, दोनों कंप्यूटर एक ही वायफाय पर हैं. नीचे वाला प्रिंटर शेअर कर दिया. आप यहाँ से छापो, कागज वहाँ निकलेगा."

"वायर नाही, काही नाही, अन् कागद खाली?"

"बस नीचे वाला कंप्यूटर चालू रहना चाहिए. काका को बोलना, बिजली बचाने के चक्कर में बंद न करें!"

दुसरा दिवस सोमवार. सोळा सोमवारांतला शेवटचा. संध्याकाळच्या पूजेपर्यंत बाईंचं मौन. पंधरा सोमवार एक अक्षर तोंडातून गेलं नव्हतं, आणि सुधाकरराव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "सोमवारी आमच्याकडे लय शांतता असते, दादा!"

त्या दिवशी भनपुरीकडचा म्हातारा तुळशीराम जमीन विकायला आला होता. मागचा रिकामा तुकडा विकायचा, पुढच्या तुकड्यात घर. घेणारे भार्गव शेठ घाईत होते, गाडी दारात चालूच. बाईंनी नऊ पानं टाईप केली, महादेवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं. खालून खर्र-खर्र आवाज आला. बाईंच्या अंगावर काटा! इथं दाबलं आणि तिथं उमटलं! घरात कुणी असतं तर मौनातही त्यांनी त्याला गदागदा हलवलं असतं.

त्या आनंदातच त्यांनी हातानं लिहिलेला कच्चा कागद उचलला आणि पडद्यावरच्या आकड्याशी ताडून पाहिला. विकायचा खसरा, म्हणजे जमिनीचा नंबर, दोनशे चौदा बटे दोन. आपण टाईप केलं बटे एक. बटे एकमध्ये तर म्हाताऱ्याचं घर!

छपाई थांबवायची कशी, ते श्रावणीनं शिकवलं नव्हतं. सुधाकररावांचा मोबाईल इथंच, चार्जिंगला. बाई अंगणाकडच्या खिडकीशी लंगडत गेल्या; तिथून खालचं ऑफिस दिसे. क्षणभर महादेवाकडे पाहिलं. कुणाचं छप्पर जाऊन आपलं मौन राहिलं, तर ते मौन कसलं? आणि ओरडल्या, "अहो! थांबा!"

खाली कूलर घरघरत होता. कुणी मान वर केली नाही.

मग देवघरातली घंटा घेतली आणि जीव खाऊन वाजवली. ती मात्र ऐकू गेली. खालून सुधाकररावांचा आवाज आला, "हव, आरती होऊन राहिली. शेवटचा सोमवार आहे न!" खिडकीतून दिसलं, तिघंही उभे राहून हात जोडताहेत. शेठनं तर जोडेही काढले.

"आग लागो त्या आरतीला!" म्हणता म्हणता बाईंनी जीभ चावली. मग कंप्यूटरसमोर बसल्या. कोरं पान घेतलं, अक्षर मोठ्यात मोठं केलं आणि बोटं धावली. 'अहो, सही घेऊ नका. खसरा चुकला. बटे दोन पाहिजे. चूक माझी.' बटण!

पण ते पान नऊ पानांच्या मागं रांगेत. बाई खर्र-खर्र मोजत होत्या. सात. आठ. नऊ. मध्ये शांतता. दहा!

त्या प्रिंटरमधून पानं उताणी पडत, शेवटचं सगळ्यांत वर. आणि सही शेवटच्या पानापासून घ्यायची, हा सुधाकररावांचा जुना शिरस्ता.

"हां, तुळशीराम, इथं सही कर," म्हणून त्यांनी गठ्ठा पुढं सरकवला. पेन टेकणार, तोच त्यांची नजर पानावरच्या मोठ्या अक्षरांवर गेली. "अरे थांब, थांब, थांब!"

"का होगे महाराज?" काय झालं ते तुळशीरामनं आपल्या बोलीत विचारलं.

सुधाकररावांनी पानं उलटली आणि चौथ्यावर बोट ठेवलं. "तुझं घर जाऊन राहिलं होतं, बापा!"

तुळशीरामच्या हातून पेन गळालं. "मोर घर?"

"गेलं नाही, गेलं नाही! वरून बाईनं अडवलं." त्यांनी कूलर बंद केला आणि खिडकीकडे तोंड केलं. "अगं, काहून बोलली नाहीस?"

"बोलले की! घसा फुटेस्तोवर बोलले!" बाई वरून कडाडल्या. "कूलर लावून बसता, घंटा वाजली की हात जोडता! माणूस करणार तरी काय?"

"म्हणजे मौन मोडलं?"

"मोडलं तर मोडलं. पुढच्या सोमवारी पुन्हा धरीन. आता चौथं पान नवीन पाठवते. जुनं फाडा, माझ्यासमोर फाडा!"

भार्गव शेठ हसले आणि बाहेर जाऊन त्यांनी गाडी बंद केली. प्रिंटर पुन्हा खर्र वाजला. सुधाकररावांनी खसरा मोठ्यानं वाचला. तुळशीराम म्हणाला, "अउ एक बार." पुन्हा वाचला. वरून बाईंनीही कच्च्या कागदावरून तोच आकडा ओरडून सांगितला, तेव्हा कुठं त्यानं खाली पडलेलं पेन उचललं.